अडलेली अक्कलदाढ



मोठ्या माणसाला ३२ दात असतात. त्यांतल्या शेवटच्या चार दाढा म्हणजे अक्कलदाढा. त्या साधारण १७ ते २५ या वयात येतात. जाणत्या वयात येतात, म्हणून हे नाव. दाढ आली म्हणून अक्कल आली, असे मात्र नाही बरे का!

एसटी भरली, की शेवटच्या माणसाला तिरके उभे राहावे लागते. या दाढेचेही तसेच. जबड्यात जागा नसली, की ती आडवी होते किंवा अर्धी वर येऊन अडते. तिच्यावरच्या हिरडीखाली भाकरीचे कण साचतात. पू होतो. गाल सुजतो, तोंड उघडत नाही, ताप येतो.

अशा वेळी आपण काय करतो? कोणी तंबाखू दाबतो, कोणी मशेरी लावतो. त्याने पू आतच राहतो. तो गळ्याकडे उतरला, तर श्वास कोंडून माणूस दगावतोसुद्धा. म्हणून गळा सुजला, गिळता येईना, तर रात्र असली तरी थांबू नये. मोठा दवाखाना गाठावा.

दाताचे डॉक्टर आधी क्ष-किरणांनी फोटो काढतात. मग सुई देऊन जागा बधिर करतात. हिरडी कापतात, थोडे हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून बाहेर काढतात आणि टाके घालतात. दाबल्यासारखे वाटते, पण कळ लागत नाही.

"दाढ काढली की डोळे जातात," असे लोक म्हणतात. ते खरे नव्हे. पण खालच्या दाढेजवळून ओठाकडे जाणारी शीर असते. तिला धक्का लागला, तर क्वचित ओठ बधिर राहतो. म्हणून हे काम जत्रेतल्या दात काढणाऱ्याचे नव्हे.

आपल्याला मधुमेह, रक्तदाब असेल, बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

दाढ काढल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. त्या दिवशी थुंकू नये, चूळ भरू नये. मऊ भात गार करून खावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या कराव्यात. विडी, तंबाखू, मशेरी बंद! नाही तर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघते, हाड उघडे पडते आणि फार ठणका लागतो. सूज दोन-तीन दिवस राहते, मग उतरते.

प्रत्येक अक्कलदाढ काढायलाच हवी, असे नाही. सरळ आलेली, न दुखणारी दाढ राहू द्यावी.

मुंबईला आणि नागपूरला सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे ही दाढ काढतात. तेव्हा दुखणे अंगावर काढू नका. पहिली सूज आली, की दाढ दाखवा.