भिंत मालकाची, मरण पायथ्याच्यांचे

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना किंवा भाक्रा उभे राहते. आज मात्र एका लहानशा, खासगी मालकीच्या मातीच्या धरणाविषयी बोलायचे आहे. अमेरिकेच्या हवाई राज्यातील कौआई बेटावर उसाच्या मळ्यासाठी १८९० मध्ये का लोको नावाचे धरण बांधले गेले. उंची सुमारे ४० फूट. १९७१ मध्ये मळ्याचा साखर कारखाना बंद पडला. पुढे जमीन एका धनिक मोटारविक्रेत्याच्या हाती गेली. तळे शोभेचे झाले आणि त्याच्याभोवतीच्या जमिनीला भाव आला.

१४ मार्च २००६ रोजी, कित्येक दिवसांच्या संततधारेनंतर, पहाटे हे धरण फुटले. सुमारे ४० कोटी गॅलन पाणी खाली धावले आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एक गर्भवती स्त्री होती, एक लहान मूलही होते.

आता सरकारी कागद पाहा. या धरणाची नोंद ‘कमी धोक्याचे’ अशी होती! येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धोक्याची ही वर्गवारी भिंतीच्या मजबुतीची नसते. भिंत फुटलीच तर खाली कोणाचे काय होईल, याची ती असते. अमेरिकेतील व्याख्येप्रमाणे एकही मनुष्य दगावण्याचा संभव असेल, तर धरण ‘जास्त धोक्याच्या’ वर्गात जाते. वस्तीच्या माथ्यावरील भक्कम धरणही त्याच वर्गात येते. उजाड माळावरचे पडके धरण मात्र ‘कमी धोक्याचे’ राहू शकते. तपासणी किती वेळा व्हावी, सांडवा किती मोठा असावा, संकटकालीन योजना हवी की नको, हे या वर्गावरून ठरते. म्हणजे वर्ग चढला की मालकाचा खर्च चढतो. शिवाय खाली नवी घरे झाली की वर्ग बदलायला हवा. पण ती घरे मोजायला कोण जातो?

राज्याने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल जानेवारी २००७ मध्ये आला. सांडवा बहुधा मातीने बुजवला गेला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. मातीच्या धरणाचा प्राण सांडव्यात असतो. पाणी माथ्यावरून वाहू लागले की माती कापली जाते आणि भिंतच वाहून जाते. राज्याच्या खात्याने हे धरण कधी तपासलेच नव्हते, हेही अहवालाने नमूद केले. तपासणीचा कायदा होता. अभाव होता तो इच्छेचा आणि पैशाचा. मालकाला २०१४ मध्ये सात महिन्यांची कैद झाली. सात जीव, सात महिने!

आपण दूरच्या बेटाकडे पाहून हळहळणे पुरेसे नाही. आपल्या देशात धरण सुरक्षा अधिनियम २०२१ मध्ये आला. पंधरा मीटरहून उंच धरणे, आणि दहा ते पंधरा मीटरमधील काही ठरावीक अटींत बसणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात. धोक्यानुसार वर्गवारीही त्यात सांगितली आहे. परंतु त्याखालच्या लहान बंधाऱ्यांचे आणि तलावांचे काय? पाणी खाली वस्तीत शिरताना भिंतीची उंची विचारत नाही. आणि २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. ते तर सरकारीच होते. म्हणून केवळ मालकी बदलून हा प्रश्न सुटत नाही, हे आपण समाजवाद्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

खरा प्रश्न हा आहे की, धोका ठरवताना पायथ्याच्या माणसाला कोण विचारतो? आपली मागणी साधी असावी. प्रत्येक धरणाचा वर्ग आणि तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. वस्ती वाढली की वर्गाचा फेरविचार व्हावा, आणि ग्रामसभेला तो मागण्याचा हक्क असावा. दुरुस्तीचा खर्च मालकाने करावा. तो चुकवील तर सरकारने काम करून खर्च वसूल करावा.

साथींनो, यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या तालुक्यातील तलावांवर चालत जा. सांडवा मोकळा आहे का पाहा. भिंतीच्या पायथ्याशी गढूळ पाझर दिसला तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि खालच्या वस्तीला त्याच दिवशी कळवा.