दुखण्याचे मूळ आणि औषधाची वेळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या आनंददिनी रोगांविषयी बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या धर्मगुरूस दुखणाइतांच्या घरी वारंवार जावे लागते, त्यास हा विषय टाळता येत नाही. सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील आमच्या कुटुंबांत एक दुखणे आम्हांस पुनःपुन्हा आढळते. सकाळी उठताच मूठ वळत नाही, मनगटे सुजतात, पीठ मळवत नाही. त्याबरोबरच असेही आढळते की, डॉक्टरांचे औषध मध्येच सोडून कोणाच्या तरी सांगण्यावरून कडक पथ्य व महागड्या पुड्या सुरू झालेल्या असतात. ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

परमेश्वराने आपल्या देहात एक रक्षकसेना ठेविली आहे. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणे हे तिचे काम. कधी कधी ही सेना आपपर भाव विसरते व आपल्याच घरावर उलटते. ती सांध्यांवर उलटली म्हणजे आमवात, ज्यास डॉक्टर र्‍हुमटॉइड संधिवात म्हणतात, तो होतो. स्वादुपिंडावर उलटली म्हणजे मुलांस होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर पाहणी केली. तीत सुमारे दर दोनशे प्रौढांमागे एकास आमवात आढळला. तेव्हा हा विकार केवळ शहरी वा श्रीमंतांचा आहे, असे कोणी समजू नये.

ह्या विकारांविषयी 'फंक्शनल मेडिसिन' नावाचा एक पंथ अलीकडे पुष्कळांच्या कानी पडतो. अमेरिकेत जेफ्री ब्लँड ह्यांनी १९९१ मध्ये त्याची संस्था स्थापिली. केवळ लक्षणे दाबू नयेत, रोगाचे मूळ शोधावे. रोग्याचा आहार, आतडी, झोप व मनःस्ताप ह्यांची कसून चौकशी करावी, असे हा पंथ म्हणतो. हे म्हणणे ऐकून आपल्याकडील जुन्या वैद्यांची आठवण होते, आणि त्यात ग्राह्यांशही आहे. धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगात सुमारे पाच वर्षे 'ड' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत असे विकार शेकडा २२ ने कमी उद्भवले. तो निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि हे रोग टाळण्याविषयीचे झाले. जडलेला रोग त्याने बरा झाला, असे त्यातून निघत नाही.

अन्नात रोगाचे मूळ सापडल्याचे एक उत्तम उदाहरण मात्र आहे. सीलिअ‍ॅक नावाच्या विकारात गव्हातील चिकट द्रव्य, म्हणजे ग्लूटेन, पोटात जाताच देहाची सेना आतड्यांवर उलटते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही व्याधी असलेली मुले सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खंगली. डॉ. विलेम डिके ह्यांनी हे पारखून पाहिले व १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडले. ह्या रोग्यांस गहू आजन्म वर्ज्य. पथ्य हेच त्यांचे औषध. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ त्यांस चालतात. मात्र ज्या गिरणीत आधी गव्हाचे दळण झाले, त्याच जात्यातून ज्वारी दळून आणल्यास पथ्य मोडते. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.

येथे एक धार्मिक प्रश्न उपस्थित होतो. होस्तिया गव्हाचीच असावी लागते. मग अशा रोग्याने ख्रिस्तशरीरास मुकावे काय? मुळीच नाही. रोमहून २००३ मध्ये आलेल्या पत्राने व २०१७ मधील परिपत्रकाने हे स्पष्ट केले आहे की, ग्लूटेन अजिबात नसलेली होस्तिया चालत नाही. पण भाकर बनण्यापुरते अल्प ग्लूटेन असलेली चालते. जिला तीही सोसत नाही, त्या व्यक्तीने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. मुख्य चषकात होस्तियेचा कण सोडलेला असतो, म्हणून अशा व्यक्तीकरिता चषक निराळा ठेवावा लागतो. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांनी मिस्सेपूर्वी आम्हांस निःसंकोच सांगावे.

परंतु एका रोगाचे मूळ गव्हात सापडले, म्हणून सर्व रोगांचे मूळ तेथेच आहे असे मानणे, हा तर्कदोष होय. सीलिअ‍ॅकची परीक्षा रक्त तपासून व आतड्याचा तुकडा पाहून होते, आणि ती गहू सोडण्यापूर्वीच करावी लागते. आधी गहू सोडल्यास परीक्षा फसते. आमवाताच्या रोग्यास गहू, दूध, डाळी असे एकेक बंद करीत नेल्यास तो बरा होतो, ह्यास तसा पुरावा नाही. उलट आधीच खंगलेला देह अधिक खंगतो.

आता हळदीविषयी. सांगलीची हळद जगभर जाते, व तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमटीतील हळद कोणी सोडू नये. परंतु तिचा सत्त्वार्क काळ्या मिरीच्या सत्त्वासह गोळ्यांतून मोठ्या प्रमाणात घेतल्याने काहींच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदले गेले आहे. अन्न म्हणून जे निर्दोष, ते औषधाच्या मात्रेत निर्दोष असेलच असे नाही.

पुण्याच्या ह्याच डॉ. चोपडांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ व हळद ह्यांचे औषध १८२ आमवाती रोग्यांवर सोळा आठवडे पारखिले. निम्म्यांस खरे औषध व निम्म्यांस तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी दिली. कोणास काय मिळाले, हे रोग्यास वा वैद्यास ठाऊक नव्हते. इ.स. २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गुण दोन्ही गटांत बराच आला, परंतु मुख्य मोजमापांत औषधाचे श्रेष्ठत्व निश्चित ठरले नाही. ह्यातील बोध मोठा आहे. हा रोग भरती-ओहोटीसारखा चढतो व उतरतो. ओहोटीच्या वेळी जे काही घेतले असेल, त्यास श्रेय मिळते. "मला गुण आला" हे बोलणे खोटे नसते, पण ते पुरावाही नसते.

आणि येथेच वेळेचा प्रश्न येतो. आमवात पहिल्या काही वर्षांतच सांधे वाकवितो. वाकलेला सांधा औषधाने परत सरळ होत नाही. मेथोट्रेक्सेट हे औषध १९८० नंतरच्या दशकापासून ह्या रोगाचा मुख्य आधार झाले आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. त्यासोबत रक्ततपासणी करीत राहावी लागते, व गरोदरपणी ते वर्ज्य आहे. ज्यांस ते जड जाते त्यांनी डॉक्टरांस सांगावे. मुकाट्याने सोडू नये. नाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. दोन दिवसांत पळणारी सूज पाहून हुरळू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन तर कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नये. १९२२ पूर्वी ते नव्हते, आणि तेव्हा अशी मुले दगावत असत.

डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले. १९६२ मध्ये तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दूरदूरचे रोगी ज्या मिरजेची वाट धरतात, ती आपल्या दाराशी आहे. बोटांची सूज व सकाळचा ताठरपणा सहा आठवडे टिकला, तर अशा ठिकाणी सांधेतज्ज्ञास दाखवावे. कोणी पथ्य सुचविले तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. तंबाखू सोडावी, झोप पुरी घ्यावी, चालावे. ह्यास कोणाचाच विरोध नाही, व ह्यास पैसेही पडत नाहीत. मूळ शोधणाऱ्याने मूळ अवश्य शोधावे, पण घर जळत असता आग विझविण्याचे थांबवू नये.

आम्ही दुखणाइतास तैलाभ्यंग देतो, त्याच्या उशाशी प्रार्थना करितो. पण औषध सोड, असे कधी म्हणत नाही. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी उघडून वाचावा. वैद्य व औषध ही दोन्ही देवाचीच देणगी आहे, असे तो शिकवितो. ह्या महोत्सवी वर्षी आपल्या वाडीवस्तीतील एकही भगिनी भिडेपोटी वा अज्ञानापोटी आपले हात गमावू नये, इतकेच आमचे मागणे आहे. ज्यांस मिरजेपर्यंत सोबत हवी असेल, त्यांनी आम्हांस हाक मारावी.