संगणकातील नोंदी आणि त्यांची कसोटी

(मुरुड येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुरुड तालुक्यात बागायती जमिनीचा हिशेब एकरांत क्वचितच होतो. तो गुंठ्यांत होतो. नारळी-पोफळीच्या वाड्या लहान, आणि एकेका वाडीच्या सातबारावर नावे मात्र अनेक. काही वारस गावी राहतात, काही मुंबईस. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या. शासनाची मदत प्रथम क्षेत्राच्या प्रमाणात, हेक्टरी दराने ठरली होती. चार-पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने फारच थोडे मिळत होते. पुढे नारळाच्या झाडास २५० रुपये आणि पोफळीच्या झाडास ५० रुपये असा झाडागणिक दर ठरविण्यात आला.

दर कोणताही असो, वाडी कोणाची आणि तिच्यात कोणाचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर गावच्या दप्तरातूनच मिळते. हे दप्तर आता संगणकात आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. म्हणून दप्तर ज्या यंत्रात ठेवले आहे ते यंत्र नीट चालते की नाही, हे कोण तपासतो आणि कसे तपासतो, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

दोन वेगळ्या तपासण्या

येथे एक भेद स्पष्टपणे ध्यानात घेणे आवश्यक आहे. नोंद बरोबर आहे काय, ही एक तपासणी. आणि बरोबर नोंदीवर यंत्र बरोबर काम करते काय, ही दुसरी.

पहिल्या तपासणीचा अनुभव गावांना आहे. २०१७ च्या मे-जून महिन्यांत राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखविण्यात आले आणि हस्तलिखित नोंदींशी न जुळणाऱ्या चुका दाखवून देण्याची संधी खातेदारांना मिळाली. लेखनप्रमादाची दुरुस्ती करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहेच.

दुसरी तपासणी मात्र चावडीवर होत नाही. आज्ञावलीत एखादा बदल केला, की पूर्वी नीट चालणारे दुसरेच काम बिघडू शकते. दर बदलानंतर माणसांनी शेकडो कामे पुन्हा करून पाहणे शक्य नसते. म्हणून तपासणाऱ्या छोट्या आज्ञावल्या लिहून ठेवतात. त्या आपोआप चालतात, ठराविक काम यंत्राकडून करवून घेतात आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतात. यांनाच स्वयंचलित चाचण्या म्हणतात.

एक जवळचे उदाहरण

संगणकातील माहितीच्या भांडारास डेटाबेस म्हणतात. पोस्टग्रेस हा असाच एक जगभर वापरला जाणारा डेटाबेस होय. त्याचा उगम अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. या भांडाराची देखभाल करण्यासाठी, म्हणजे तक्ते उघडणे, अधिकार देणे, प्रती काढून ठेवणे यांसाठी, पीजीअ‍ॅडमिन नावाचे साधन आहे. दप्तराच्या खोलीत दप्तरदाराचे जे काम, ते डेटाबेसपाशी या साधनाचे. ते सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्याच्या चौथ्या पिढीच्या घडणीत पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. ही पिढी २०१६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली.

या साधनाच्या चाचण्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या, आतल्या कामकाजाच्या. दुसऱ्या, पडद्यावरील भागांच्या. आणि तिसऱ्या, प्रत्यक्ष ब्राउझर उघडून माणसाप्रमाणे कळ दाबून पाहणाऱ्या. यांखेरीज एक उद्बोधक प्रकार आहे. साधनाकडून एखादा तक्ता निर्माण करवितात, मग त्याच तक्त्याची व्याख्या त्याच्याकडून लिहवून घेतात आणि ती आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षित मजकुराशी ताडून पाहतात. डेटाबेसच्या निरनिराळ्या आवृत्त्यांसाठी हा अपेक्षित मजकूरही आवश्यक तेथे निरनिराळा ठेवावा लागतो.

चाचणीची मांडणी

चाचण्या चालविण्यापूर्वी त्यांची मांडणी करावी लागते. कोणत्या सर्व्हरवर चालवायच्या, कोणत्या नावाने प्रवेश करायचा, परवलीचा शब्द कोणता, हे एका फाईलमध्ये लिहावे लागते. पीजीअ‍ॅडमिनबरोबर या फाईलचा केवळ नमुना मिळतो. त्याची प्रत काढून प्रत्येकाने आपल्या ठिकाणची माहिती भरावयाची असते. यामुळे खरे परवलीचे शब्द सर्वांच्या हाती जाणाऱ्या मूळ संचात राहत नाहीत.

या मांडणीत एक नियम प्राणाहून जपावा लागतो. चाचण्या तक्ते निर्माण करतात आणि काम झाल्यावर पुसून टाकतात. म्हणून त्या खऱ्या दप्तरावर कधीही चालवू नयेत. त्यांच्यासाठी नमुन्याचे वेगळे दप्तर ठेवावे. अग्निशमनाची तालीम घेण्यासाठी कोणी कचेरीस आग लावीत नाही.

निकाल वाचतानाही सावधगिरी हवी. निकालात तीन आकडे येतात: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि वगळलेल्या चाचण्या. डेटाबेसची आवृत्ती जुनी असेल किंवा आवश्यक ती सोय नसेल, तर काही चाचण्या वगळल्या जातात. अनुत्तीर्ण चाचणी एकही नाही, एवढ्यावर समाधान मानणारा अधिकारी वगळलेल्यांचा आकडा पाहावयास विसरला, तर न झालेली तपासणी झाली असे कागदावर दिसते. वर्गात गैरहजर मुलांना कोणताही शिक्षक उत्तीर्ण समजत नाही; येथेही तोच न्याय लावावा.

अपेक्षित उत्तर कोणी लिहिले?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चाचणीचे सारे बळ अपेक्षित उत्तरात असते. ते उत्तर यंत्रानेच दिलेल्या उत्तरावरून उतरवून घेतले असेल, तर चाचणी नेहमी उत्तीर्ण होईल आणि चूक कायम राहील. म्हणून चाचण्यांचीही छाननी करावी लागते आणि ती विषय जाणणाऱ्या माणसाने करावी लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. एक वाडी ०.०३.५० क्षेत्राची, म्हणजे साडेतीन आर किंवा ३५० चौरस मीटर आहे. ती तीन वारसांत समान वाटायची. प्रत्येकाच्या वाट्यास ११६ चौरस मीटर आणि वर दोन-तृतीयांश येतो. आज्ञावलीने प्रत्येक वाटा जवळच्या पूर्णांकात केला, तर तिघांचे मिळून ३५१ होतात. जमीन एक चौरस मीटरने वाढली! प्रत्येकास ११७ मिळाले काय, एवढेच पाहणारी चाचणी येथे उत्तीर्ण होईल. वाटपानंतरची बेरीज मूळ क्षेत्राइतकी आहे काय, हे पाहणारी चाचणीच ही चूक पकडील. ती चाचणी सुचण्यासाठी फेरफार नोंदीचा अनुभव लागतो.

दुसरे उदाहरण नकाराचे. फेरफाराच्या नोटिशीनंतर हितसंबंधितांना आक्षेपासाठी १५ दिवसांची मुदत असते. मुदतीनंतर यंत्र नोंद प्रमाणित करू देते काय, हे पाहणे सोपे आहे. पण दहाव्या दिवशी प्रयत्न केला असता ते नकार देते काय, हेही पाहिले पाहिजे. मुंबईस राहणाऱ्या वारसाचा हक्क या नकारावरच अवलंबून असतो.

तिसरे उदाहरण आरंभी आलेच आहे. मदतीचा आधार क्षेत्राऐवजी झाड झाला, म्हणजे नियम बदलला. असा नियम बदलला की त्यावर बेतलेली जुनी चाचणी दोन प्रकारे घातक ठरते. एक तर योग्य बदल केलेल्या आज्ञावलीस ती अनुत्तीर्ण ठरवील. किंवा तिचा अडथळा नको म्हणून कोणी ती बंद करून ठेवील आणि मग त्या जागी कोणतीच तपासणी उरणार नाही. म्हणून नियम बदलणाऱ्या प्रत्येक आदेशाबरोबर, कोणत्या चाचण्या बदलावयाच्या, याची यादीही निघाली पाहिजे.

गावाचा वाटा

चाचणी लिहिण्यासाठी संगणकाची भाषा लागते. परंतु चाचणी सुचविण्यासाठी ती लागत नाही. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि मंडल अधिकारी यांना वारसांचे गुंतागुंतीचे प्रसंग ठाऊक असतात. एकाच नावाचे दोन खातेदार, अज्ञान वारस व त्याचे पालनकर्ते, एकत्र कुटुंबाचा कर्ता मयत झाल्यावरची नोंद, लागवडीखालील क्षेत्राशेजारची पोटखराब जमीन, असे अनेक प्रकार त्यांनी हाताळलेले असतात. पंचायत सदस्यांना कोणत्या प्रकारच्या तक्रारी वारंवार येतात हे माहीत असते. शिक्षकांना प्रश्न असा घालता येतो, की पाठ केलेले उत्तर चालू नये.

या तिघांनी मिळून प्रत्येक गावातील दहा अवघड प्रकार निवडावेत. त्यांतील खरी नावे व गट क्रमांक काढून टाकावेत, कारण नमुन्याच्या दप्तरात कोणाचीही खासगी माहिती जाणे योग्य नाही. मग प्रत्येक प्रकाराचे उत्तर नियमानुसार हाताने काढून, दोघांनी तपासून, कागदावर लिहावे आणि तहसील कार्यालयामार्फत आज्ञावली तयार करणाऱ्यांकडे पाठवावे. यंत्राचे उत्तर पाहण्यापूर्वी हे उत्तर लिहिलेले असावे, एवढी एकच अट कटाक्षाने पाळावी.

पुढचे वादळ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. पंचनाम्याच्या दिवशी तीन वारसांच्या वाडीचा हिशेब तिघांच्याही दृष्टीने बरोबर निघावा, याची तयारी मात्र आतापासून करता येण्याजोगी आहे, आणि तिचा आरंभ त्या दहा कागदांपासून होऊ शकतो.