सामुदायिक भजन आणि आपले जीवन



१८५३ साली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली व १८५४ साली ती कल्याणास पोहोचली. पुढे या पट्ट्यातील माणसाचे आयुष्य वेळापत्रकास बांधले गेले. त्या धकाधकीतच आपल्या चाकरमान्यांनी लोकलच्या डब्यात भजनी मंडळे उभी केली, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

ठरलेल्या गाडीस, ठरलेल्या डब्यात ही मंडळी जमतात. एकजण अभंग धरतो, बाकीचे मागून म्हणतात. येथे गवई असावे लागत नाही. ज्याचा गळा बेसूर, त्यालाही टाळ धरता येतो. मात्र टाळ धरणाऱ्यास शेजाऱ्याकडे कान द्यावाच लागतो. आपलीच लय पुढे दामटून चालत नाही. आम्ही पुष्कळ वर्षे वर्गात कविता शिकविल्या, परंतु दुसऱ्याचे ऐकण्याचा असा धडा क्रमिक पुस्तकात आम्हांस आढळला नाही.

दुसरा लाभ याहून मोठा आहे. दोन दिवस एखादा दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी त्याची विचारपूस होते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल सर्वसामान्यांस बंद झाल्या, तेव्हा डब्यातील टाळही मुके झाले. प्रवासाचा शीण टळला खरा. परंतु आपण आलो नाही हे ज्याच्या ध्यानी येई, तो सोबतीही दुरावला. सेवानिवृत्ताची अवस्था नित्याचीच अशी असते. पास संपला, की डबा सुटतो आणि डब्याबरोबर माणसेही सुटतात.

याला दुसरी बाजू आहे. डब्यात रात्रपाळीने थकलेला प्रवासीही असतो. त्यास भजनाचा उपद्रव होत असेल, तर त्याची तक्रार रास्तच मानली पाहिजे. भक्तीस चढा आवाज लागत नाही.

आता घरची गोष्ट. गाडीत टाळकऱ्याची जात कोणी विचारीत नाही. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी आणि चोखोबा यांचे अभंग आपण एकाच बैठकीत म्हणतो. मात्र ती बैठक ज्ञातीच्या सभासदांपुरती ठेवतो! ही विसंगती आम्हांस खटकते. आपल्या सभागृहाचे दार भजनाच्या दिवशी तरी शेजारच्या बिऱ्हाडांस उघडे असावे. विशेषतः ज्यांचे पास संपले आहेत, अशा वृद्धांस हाताला धरून आणावे. टाळ मंडळाचे आहेत. ते वाजविणारे हात कोणाचेही असोत.

एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.