रिकामा राहिलेला रकाना

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला सत्रात केलेले भाषण)



'आजच्या तरुणीचे विचार' असा भारदस्त विषय कार्यकारी मंडळाने माझ्या स्वाधीन केला, तेव्हा मी प्रथम गांगरून गेले. संस्कृती, वेषभूषा, खेळ, वृत्तपत्रे यांविषयी विद्वानांनी बोलावे. हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या मुलीने काय बोलावे? परंतु विचार करता ध्यानात आले की, हे सारे विषय आमच्या कारखान्यात रोज एकाच पाटावर मांडलेले असतात. तेव्हा पुस्तकातले न सांगता तिथलेच सांगते.

लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाच्या सार्वजनिक स्वरूपाचा पुरस्कार केला आणि मूर्तींची मागणी वाढत गेली. पेण शहरातील ही कला पुढे हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांच्या ओटीवर आली. आज आमच्याकडे घर कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो, हे परक्याला सांगता येणार नाही. साच्यातून मूर्ती काढावी, सांधे बुजवावेत, सुकल्यावर घासून गुळगुळीत करावी, पांढरा हात द्यावा, मग अंगाचा रंग, पीतांबर, सोनेरी काम आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. यांतील घासण्यापासून खडे लावण्यापर्यंतचे किती काम स्त्रियांच्या हातून होते, हे पाहावयास चतुर्थीपूर्वी एकदा अवश्य यावे. चुलीवर भात ठेवून आलेली माउली तो शिजेपर्यंत चार मुकुट सोनेरी करून जाते. संस्कृतीचे रक्षण म्हणून जे काही म्हणतात, ते मला या माउलीच्या हातात दिसते.

आता वेषभूषेविषयी. आम्हा मुलींच्या फॅशनवर वडीलधाऱ्यांचा रोष असतो, आणि तो काही वेळा योग्यही असतो. पण फॅशन देवालाही सुटलेली नाही! २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवर 'जय मल्हार' ही मालिका सुरू झाली आणि गिऱ्हाइके खंडेरायाच्या वेषातील गणपती मागू लागली. २०१५ मध्ये 'बाहुबली' चित्रपट आला. लगेच त्या थाटाच्या मूर्ती हव्या झाल्या. कोणास लालबागच्या राजाची बैठक हवी, कोणास दगडूशेठचा थाट. अलीकडे तर मूर्तीला खऱ्या कापडाचे धोतर नेसवितात, फेटा बांधतात. देवाने वेष बदलला की कौतुक होते, मुलीने बदलला की चर्चा होते. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. कारखान्यात मी एवढेच शिकले की, फेटा दरवर्षी बदलला तरी डोळ्यांतील शांत भाव बदलता कामा नये. तो ढळला तर मूर्ती बिघडली. माणसाच्या वेषालाही हीच कसोटी लावावी, असे मला वाटते.

खेळाची गोष्ट थोडी दुखरी आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात कबड्डी ही जणू दुसरी शेतीच. दहावीपर्यंत मीही शाळेच्या संघात खेळत असे. पुढे घरातून विचारणा झाली, "लग्नाची मुलगी, उद्या गुडघा फुटला तर?" आणि माझे मैदान सुटले. पुढे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांचा अंतिम सामना होता. गणपती होऊन गेले होते, कारखाना निवांत होता. एका मोबाईलभोवती आम्ही सारे दाटीने बसलो होतो. २०१० व २०१४ मध्ये जिंकलेले सुवर्णपदक २०१८ मध्ये इराणने हिरावून घेतले होते. या वेळी चिनी तैपेईवर २६-२५ असा एकाच गुणाने विजय मिळाला, आणि भारताचे त्या स्पर्धेतील शंभरावे पदक या मुलींनी मिळविले. मला मैदानावरून घरी बोलावणारे माझे काका त्या वेळी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवीत होते. त्यांना माझा राग आला नाही, मला त्यांचा आला नाही. पण टाळी आणि बंदी एकाच हाताची होती, हे मात्र माझ्या मनात राहिले.

वृत्तपत्रांचे व कॅमेऱ्यांचे पाहुणे आमच्याकडे दरवर्षी येतात. प्लास्टरच्या मूर्तींचा वाद न्यायालयात होता तेव्हा तर फारच आले. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्याची वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर मर्यादा ठेवली. पाण्याची काळजी रास्तच आहे. पण त्या महिन्यांत मजुरीवरच्या बायकांच्या डोळ्याला डोळा नव्हता. छायाचित्रांत त्यांचे रंगाळलेले हात दिसत, आणि खाली नाव मात्र कारखानदाराचे असे. 'कारागीर' हा शब्द वाचताना आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो, हा दोष वार्ताहराचा एकट्याचा नव्हे, आपल्या सर्वांचाच आहे.

आणि आता मूळ मुद्दा. परवा घरी वधूवर-परिचयाचा छापील कागद आला. मुलाच्या बाजूस 'व्यवसाय' हा रकाना होता. मुलीच्या बाजूस उंची, वर्ण, शिक्षण आणि 'गृहकृत्यदक्ष' एवढेच. मी वडिलांना विचारले, "बाबा, माझी आखणी कोठे लिहायची?" आमच्या घरी आखणी ही वडीलधाऱ्या पुरुषांची मिरास. बाबांची दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी ती मला शिकविली. गेल्या मोसमातील शेकडो मूर्तींचे डोळे मी उघडले आहेत. बाबा बराच वेळ कागद न्याहाळीत राहिले. मग त्यांनी पेन उचलले आणि समासात, छापील ओळीच्या बाहेर, लिहिले, "आखणी करते. माझ्यापेक्षा चांगली."

सभ्य गृहस्थहो, माझी विनंती लहानशी आहे. पुढल्या वर्षीच्या कागदावर मुलीच्या बाजूसही हातातली कला, नोकरी, खेळ लिहिण्यास एक रकाना छापावा. गुणवंतांच्या बक्षीस समारंभात परीक्षेच्या गुणांबरोबर ब्रशलाही आणि मैदानालाही एकेक बक्षीस असावे. लग्न होऊन मुलगी परगावी गेली, तरी तिची कला माहेरच्या फडताळात राहू नये. सासरच्या माणसांना ती आधी कळली, तर ती तिच्याबरोबर जाईल.