दोन पाइप, चार क्लॅम्प आणि एक गायब नट

आज कोडिंग नाही, आज कॅरिअर. म्हणजे गाडीच्या टपावरचं हो!

आजीसाठी कापसाची गादी पुण्याहून कोकणात न्यायची होती. तयार कॅरिअर महाग, म्हणून घरीच बनवलं. 25 मिलिमीटरचे दोन चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पाइप टपावरच्या रेलवर आडवे टाकले, चार यू-क्लॅम्पने आवळले, मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे. खर्च 2000 रुपयांच्या आत. बीटेकची कॉलर एकदम ताठ!

ताम्हिणी घाटात चहाला थांबलो. सहज हात लावला, तर पुढचा पाइप हलतोय. एक नट गायब, दुसरा अर्धा सुटलेला. बराच वेळ आमच्या मागे एक बाइक होती, टाकीवर लहान मुलगी बसलेली. पोटात गोळाच आला.

चूक काय झाली? मी वजन मोजलं, वारा मोजलाच नाही. वेग 40 वरून 80 वर गेला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. गादी हलकी असली तरी वारा तिला खालून उचलतो. आणि गाडीच्या थरथरीने साधे नट सैल होतात.

आता मी नायलॉक नट वापरतो. शिवाय एक पट्टा सामानावरून, दारांतून गाडीच्या आत घेऊन आवळतो. 10 किलोमीटरनंतर उतरून तपासतो.

तुम्ही बनवणार असाल तर आधी गाडीचं मॅन्युअल बघा. टपाला किती वजन चालतं ते त्यात असतं. काही गाड्यांचे रेल तर नुसते शोभेचे असतात.

पैसे वाचवा, पण मागून येणाऱ्याच्या जिवावर नको. भेटू पुढच्या भागात!