मोबाइल आणि जेवणाचें ताट

१४ वर्षांचा माझा नातू मोबाइलवर दृष्टि खिळवून जेवतो. काल ताट उचलल्यावर विचारलें, "अरे, भाजी कसली होती?" त्यास सांगतां येईना. चित्त पडद्यांत गुंतलें म्हणजे किती खाल्लें याचें भान रहात नाहीं. पोट भरल्याची जाणीव होण्यापूर्वीं हात पुन्हां चिवड्याच्या डब्यांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें दम लागेल असा व्यायाम सांगितला. नातू तेवढा वेळ क्रिकेट पाहतो! दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. लहानपणीं तो जेवेना, तेव्हां घांस भरवितांना तें यंत्र मींच त्याच्यापुढें धरीत असें. आतां सायंकाळीं आम्ही दोघे मैदानावर जातों. मी कडेला बसतों, तो अजून नाखुषीनेंच धांवतो.